चार वाजता बाई येणार

पत्र गुरुवारी आलं. शनिवारी चार वाजता बालकल्याण कार्यालयाच्या बाई घरी येणार, एवढंच त्यात कामाचं होतं; बाकी सगळी कलमं, पोटकलमं आणि शिक्का. पण दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकानं ते इतक्यांदा उघडलं आणि मिटलं, की शनिवारी सकाळी ते घडीवरच फाटलं. वहिनीच्या नवऱ्यानं त्याला मागून चिकटपट्टी लावली. जणू बाई आल्या आल्या आधी तेच तपासणार होत्या.

साडेअकराला वहिनीची नणंद, आक्का आली. सासूबाई गेल्यापासून दीड वर्षात आक्कानं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. खाली काचेचं दुकान आणि वर घर, त्यामुळे वर जायचं तर वडिलांच्या, आप्पांच्या समोरून जावं लागे. तेवढं टाळायला ती धाकट्या भावाशी फोनवर बोलायची आणि भाचीला शाळेच्या फाटकापाशी भेटायची. आज मात्र ती सरळ दुकानातून आत आली. आप्पा टेबलावर काच आडवी घालून कापायच्या हिरकणीनं रेघ ओढत होते. लेकीची चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. रेघ मात्र वाकडी गेली.

"घुम्या कुठाय?" आक्कानं वहिनीला विचारलं. वहिनीच्या नवऱ्याला घरात लहानपणापासून घुम्याच म्हणत. चार शब्दांच्या ठिकाणी तो दोन वापरायचा, तेही विचार करून.

"वर आहेत. भिंगरीला शिकवतायत."

"काय शिकवतोय?"

वहिनी फ्रेमच्या काउंटरवरची धूळ पुसत राहिली. "जिन्यावरून पडले म्हणून सांग, असं."

"कपाळ माझं," म्हणत आक्का जिना चढली. वीस वर्षं शाळेत शिकवत होती ती. या घराला कायदा कळायचा तो तिच्याच तोंडून.

वहिनीला तिच्यामागं लगेच जाववेना. फडकं हातातच राहिलं. घरातल्या सगळ्यांना बाईंची भीती वाटत होती. तिलाही वाटत होती. पण तिच्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, आणि ती कुणाला दाखवता येण्यासारखी नव्हती.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी ती दुकानात एकटीच होती. आप्पा आणि नवरा एका औषधांच्या दुकानाला दर्शनी काच बसवायला गेले होते. भिंगरीची शाळा लवकर सुटली होती. आठ वर्षांची पोर. एका जागी ठरत नाही म्हणूनच तिचं नाव भिंगरी पडलं. खेळता खेळता तिचा चेंडू काचा उभ्या ठेवायच्या लाकडी चौकटीमागं गेला. तिकडं पाऊल टाकायचं नाही, हे या घरात मूल चालायला लागायच्या आधीच शिकवत. वहिनी कुणाच्या तरी फोटोला चौकट ठोकत होती. मान वळवून पाहते, तर पोरीचे दोन्ही पाय चौकटीच्या खालच्या दांडीवर, आणि पुरुषभर उंचीची काच पुढं झुकलेली. तिनं दंडाला धरून पोरीला खेचलं. काच पोर उभी होती तिथंच पडली. आवाज असा झाला, की समोरचा न्हावी हातातला कंगवा घेऊन दारात आला.

"सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिनं दुकानाचं दार लावून घेतलं.

मग तिनं टेबलावरची लाकडी पट्टी उचलली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. पोर एकदा "आई" म्हणाली आणि नंतर काही बोललीच नाही. पट्टी मधोमध चिरली तेव्हा वहिनी थांबली. पट्टी चिरली नसती तर कधी थांबली असती, हे तिला आजही सांगता आलं नसतं. दोघींनी मिळून काचा झाडल्या. चिरलेली पट्टी तिनं फुटक्या काचांच्या पिंपात खाली दाबून टाकली आणि पोरीला लांब बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार घातली. "धक्का लागून काच पडली," असं तिनं पुरुषांना सांगितलं. ते खरंच होतं.

सोमवारी शाळेत पोहण्याचा तास होता. हे ती साफ विसरली होती.

वर आल्यावर तिला दिसलं, की नवऱ्यानं भिंगरीला पलंगावर बसवलंय आणि स्वतः खाली जमिनीवर बसलाय.

"मी जिन्यावरून पडले," भिंगरी पाढा म्हणावा तशी म्हणत होती. "तेव्हा मला मांडीला आणि दंडाला लागलं."

"पुरे," आक्का म्हणाली. "भिंगरी, आत जा. चित्र काढ." पोर गेली तशी ती भावावर उलटली. "जिन्यावरून पडलेल्या पोराच्या अंगावर पट्टीनं आखल्यासारखे वळ उठतात का रे? शाळेनं फोटो काढलेत. मोजमाप लिहिलंय. आणि पढवलेलं मूल आम्हाला दोन मिनिटांत कळतं. या बायांना तर एकात कळतं."

"मग काय करू?"

"खरं काय ते सांगायचं."

"खरं काय?" त्यानं विचारलं आणि दाराकडं पाहिलं. दारात वहिनी उभी होती. पण त्याची नजर तिला ओलांडून मागं जिन्याकडं गेली. खालून काच कापल्याचा कुरकुर आवाज येत होता.

गुरुवारी पत्र वाचून झाल्यावर त्यानं तिला एकच शब्द विचारला होता. "आप्पांनी?" आणि ती म्हणाली होती, "मला माहीत नाही." नाही म्हणाली असती तर पुढचा प्रश्न आला असता.

आप्पांवर संशय जाणं साहजिक होतं. त्यांचा कमरेचा पट्टा सगळ्या गल्लीला माहीत होता. भिंगरी दहा दिवसांची असताना वहिनीनं सासऱ्यासमोर उभं राहून ठणकावलं होतं, "या पोरीवर कुणी हात उगारायचा नाही. तुमच्या मुलाची पाठ मी पाहिलीय." सासूबाईंच्या हातातलं भांडं पडलं होतं. आप्पा मात्र नुसतेच तिच्याकडं पाहत राहिले आणि "बरं" म्हणाले होते. त्यानंतर आठ वर्षांत त्यांनी नातीला कधी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती. मुलांना मारायचं नाही असा नवा कायदा तीन वर्षांपूर्वी आला. आक्का चेष्टेनं म्हणायची, आमच्या वहिनीनं तो सरकारच्या आधी पाच वर्षं काढला.

"काय होईल जास्तीत जास्त?" वहिनीनं विचारलं. आवाज आपला वाटेना.

आक्का खुर्चीत टेकली. "माझ्या वर्गातला एक मुलगा होता. तो आणि त्याची बहीण, दोघांना नेलं. बापानं मारलं होतं, आई पडला म्हणून सांगत राहिली. घरातलं कुणीच खरं बोलत नाही म्हटल्यावर मूल घरात ठेवायचं कुणाच्या भरवशावर? चार महिने बालगृहात होती दोघं. परत आल्यावर धाकटी आईला 'बाई' म्हणत होती. पाणी प्यायच्या आधी विचारायची, 'बाई, घेऊ का?'"

आतल्या खोलीत रंगीत खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता. वहिनीनं दाराच्या चौकटीला धरलं. बाई, घेऊ का?

जिन्यावर पावलं वाजली. आप्पा वर आले, बेसिनपाशी जाऊन त्यांनी हात धुतले. काचेचा भुगा असतो म्हणून ते दोनदा धुवायचे. मग पंचानं पुसत म्हणाले, "आता सरकार स्वयंपाकघरात येणार. भाजीत मीठ किती घालायचं, तेही विचारून घ्या म्हणावं."

"आप्पा, चेष्टा नको," आक्का म्हणाली.

"चेष्टा कोण करतंय? आम्हाला बापानं मारलं, त्याला आजोबानं मारलं. मेलो नाही."

"नाही ना मेलात! मेलं नाही म्हणजे झालं!" आक्का ताडकन उठली. "दहावीची परीक्षा मी उभ्यानं लिहिली. बसता येत नव्हतं म्हणून. पर्यवेक्षकांना आईनं सांगितलं, गळू झालंय. काय केलं होतं मी? मैत्रिणीकडून यायला अर्धा तास उशीर! आणि आठ वर्षं आम्हाला वाटत होतं, म्हातारा बदलला. एवढंसं पोर ते. लाज कशी वाटली नाही?"

आप्पांनी पंचा दांडीवर टाकला. त्याची टोकं नीट जुळवली. "झालं बोलून?"

"नाही झालं," घुम्या म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. तो अजून जमिनीवरच बसला होता आणि आपल्या पंजांकडं बघत बोलत होता. "मी सात वर्षांचा होतो. दुधाची पिशवी फुटली माझ्या हातून. तुम्ही मला आधी दूध पुसायला लावलंत. सगळं. कोपऱ्यातलंसुद्धा. मग पट्टा काढलात. मला अजून दूध उतू गेल्याचा वास आला की पोटात कालवतं. बायकोला सांगितलेलं नाही कधी. मला वाटायचं, माझ्या पोरीला तरी..."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढं सलग बोलताना वहिनीनं त्याला पहिल्यांदाच ऐकलं. बोल, तिचं मन तिला म्हणत होतं. आत्ता बोल, अजून वेळ आहे. आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी सांगत होतं, की तू बोललीस तर हा माणूस पुन्हा कधी तुझ्याकडं अशी पाठ करून निर्धास्त झोपणार नाही.

आप्पा खिडकीपाशी गेले. मग वळून म्हणाले, "आक्के, तू म्हणतेस, कुणी कबूल झालं नाही तर पोर नेतात?"

"हो."

"आणि कुणी कबूल झालं तर?"

"मग त्या माणसाला घराबाहेर काढतात. चौकशी होईपर्यंत. मूल घरातच राहतं."

"मग सोपं आहे," आप्पा म्हणाले. "मी मारलं. येऊ दे बाईला, सांगतो मी."

आक्कानं तोंडावर हात ठेवला. इतक्या सहज ते तोंडातून येईल असं तिला वाटलं नव्हतं. घुम्या उठला आणि बापाकडं न पाहता गॅलरीत निघून गेला. आप्पांनी एकदाच सुनेकडं पाहिलं.

"सूनबाई, पावणेचारला चहा टाक. लोक यायच्या वेळी घरात चहाचा वास असलेला बरा."

बाई चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. वहिनीनं कल्पनेत एक धिप्पाड, दटावणारी बाई उभी केली होती; प्रत्यक्षात आली ती तिशीतली, सावळी, सर्दी झालेली मुलगी. तिनं पायातले बूट काढून जोडीनं भिंतीशी लावले, सगळ्यांना नमस्कार केला, पाणी मागून घेतलं. त्या सौजन्याशी कसं वागायचं ते वहिनीला कळेना. आरडाओरडा केला असता तर भांडता आलं असतं.

बाईंनी घर पाहिलं. पोर कुठं झोपते, दप्तर कुठं ठेवते, शिळंपाकं कुठं ठेवता, हे सगळं विचारलं. काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मी मुलीशी एकटीशी बोलेन. दार लोटून घेते. कुणी जवळ येऊ नका, प्लीज."

वीस मिनिटं. चौघं बाहेरच्या खोलीत बसून होती आणि चहावर साय धरत होती. आतून बाईंच्या शिंका ऐकू येत होत्या, एकदा भिंगरीचं हसूही ऐकू आलं. हसू ऐकून वहिनीला आणखीनच भीती वाटली. हसताना पोर काहीही बोलून जाते.

दार उघडून बाई एकट्याच बाहेर आल्या. "ती म्हणते, काच पडली. मी काहीही विचारलं तरी एकच उत्तर, काच पडली. ती कुणाला तरी सांभाळतेय. आठ वर्षांच्या मुलीनं असं कुणाला सांभाळावं लागणं बरं नाही." त्यांनी नाक पुसलं. "कुणाला काही सांगायचंय?"

"मी मारलं," आप्पा म्हणाले.

"आजोबा तुम्ही?"

"हो."

"कशानं?"

"हातानं."

बाईंनी वहीतला एक फोटो काढला, पाहिला, परत ठेवला. "हातानं नाही, काका."

"पट्टीनं. दुकानातल्या."

"बघायला मिळेल?"

ते खाली गेले. वहिनी मनातल्या मनात म्हणाली, ते दुसरीच कुठली तरी पट्टी आणतील. दुकानात पाचसहा आहेत. पण ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात चिरलेली पट्टी होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. काचेच्या पिंपात त्यांनी तेव्हाच हात घातला असणार. अंगठ्यावर दोन जुने कापल्याचे व्रण सुकत आले होते. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लेकीनं लाज काढली तेव्हा, मुलगा दुधाचं बोलला तेव्हा, सगळा वेळ ठाऊक होतं.

"कधी मारलं?"

"मागच्या मंगळवारी."

"कारण?"

"चौकटीवर चढली. काच अंगावर येत होती. माझा राग आवरला नाही." त्यांचा आवाज बसला होता. "माझा तसा लौकिकच आहे. विचारा माझ्या मुलांना."

बाईंनी विचारलं नाही. त्यांनी दोघा भावंडांचे चेहरे पाहिले आणि लिहिलं. मग शांतपणे समजावून सांगितलं, की आजपासून सुनावणीपर्यंत काकांना या घरात राहता येणार नाही, मुलीला एकटं भेटता येणार नाही, खालच्या दुकानातही मुलगी घरी असताना थांबता येणार नाही. जायला दुसरी जागा आहे का?

"बघतो काहीतरी," आप्पा म्हणाले. "कपडे घ्यायला पाच मिनिटं द्या."

आक्का रडायला लागली. सकाळी तिला हेच हवं होतं. आणि आता सत्तरीच्या बापाला खुंटीवरचे दोन सदरे काढून पिशवीत भरताना बघून तिला हुंदका आवरेना. वहिनी बसल्या जागेवरून हलली नाही. पिशवीची चेन अडकली होती. आप्पा ती ओढत होते. ती चेन लागेपर्यंत गप्प बसलं तर सगळं मिटणार होतं. दोन आठवडे, महिना. म्हातारा मनानं कणखर होता. त्याला जुनं फेडायचंच होतं, असंही म्हणता आलं असतं. ती असं सगळं मनात मांडत होती आणि त्या मांडण्याचीच तिला किळस येत होती.

दाराशी भिंगरी येऊन उभी राहिली होती. हातात निळा खडू.

"आप्पा कुठं चाललेत?"

"कामाला," आप्पा म्हणाले.

पोरीनं पिशवी पाहिली, टेबलावरची पट्टी पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाईंपाशी गेली आणि त्यांच्या बाहीला धरून म्हणाली, "मी सांगितलं ना काच पडली! मी बरोबर सांगितलं ना? मग?" आणि मान वळवून तिनं आईकडं बघितलं. काही चुकलं का गं माझं, असं विचारत असल्यासारखं.

"मी मारलं," वहिनी म्हणाली.

खोलीत कुणालाच ते नीट ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आप्पा घरातही नव्हते. दुकानात मी होते. मी मारलं तिला."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

बाईंनी लिहिलेलं पान उलटलं आणि नवं काढलं. "किती वेळा मारलं?"

"तीनदा. चारदा असेल."

"नऊ," भिंगरी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चुकलेली बेरीज दुरुस्त करून द्यावी, तसं ती म्हणाली, "नऊदा, आई. मी मोजत होते. दहा झाले की संपेल असं वाटलं मला."

संध्याकाळी सहाच्या आत वहिनीला घर सोडायचं होतं. आक्काच्या घराची किल्ली तिला मिळाली आणि आक्का इथं राहायला आली. एकवीस दिवस. मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यालयात पोरीची भेट, तीही दुसऱ्या बाईंच्या समोर. बुधवारी आईबापांचा वर्ग. नवऱ्यानं बॅग भरायला मदत केली. टूथब्रश, चष्मा, गोळ्या, सगळं आठवून आठवून दिलं. जिन्यापाशी तिनं त्याच्या हाताला हात लावला तसा त्यानं तो काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला.

बसथांब्यापर्यंत बॅग आप्पांनी नेली. दोघं बाकावर बसली.

"तुम्ही का सांगितलंत तसं?" तिनं विचारलं.

"मुलांना जे काही बोलायचं होतं ते आज बोलली," आप्पा म्हणाले. "त्या मंगळवारचं माझ्या नावावर नव्हतं. बाकीचं सगळं होतंच की." एक बस आली, ती वहिनीची नव्हती, निघून गेली. "त्यांच्या वेळी कुणी आलं नाही गं दाराशी. मी वाट पाहत होतो असं नाही म्हणत. आलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. पण कुणी आलंच नाही."

आप्पांनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र ओढलं आणि म्हणाले, "त्या बाईची सर्दी लागली वाटतं."

ते एकवीस दिवस तिनं आक्काच्या घरात दिवे लावून काढले. दुपारीसुद्धा. बुधवारच्या वर्गात बारा जण गोल बसायचे. एक बसचालक, एक दात काढणारी डॉक्टर, एक जुळ्यांचा बाप जो पहिल्या दिवशी शिव्या देत आला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलला. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, हात उठायच्या आधी अंगात काय होतं ते सांगा. वहिनीनं तिसऱ्या बुधवारी सांगितलं, की तळहाताला मुंग्या येतात. आणि हे तिला त्या मंगळवारच्या आधीही दोनतीनदा झालं होतं. ते मोठ्यानं म्हटल्यावर तिला रात्रभर झोप आली नाही. उद्या घरी गेलं आणि पुन्हा मुंग्या आल्या तर?

सुनावणीत तिला घरी जायची परवानगी मिळाली. वर्षभर देखरेख, महिन्यातून एकदा बाई येणार, न सांगता. आप्पांचंही नाव कागदावर लागलं, खोटं सांगितल्याबद्दल समज म्हणून. आक्का आणखी आठ दिवस राहिली. तिनं आणि आप्पांनी एकमेकांशी फार बोलणं केलं नाही, पण सकाळचा पेपर ते वाटून वाचायला लागले होते.

घरी आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी वहिनीनं भिंगरीला अंघोळीला हाक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पोर खेळ टाकून उठली, दोन्ही मुठी आवळल्या आणि गळा फाटेल अशी ओरडली, "नाही येणार! तू सांगितलंस म्हणून मुळीच नाही येणार! जा!"

असं ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. आक्काच्या हातातला चमचा थांबला. घुम्या ताटावरून अर्धा उठला. आप्पांनी मान खाली घातली. सगळं घर वहिनीच्या हातांकडं बघत होतं, आणि पोरही हनुवटी वर करून तिकडंच बघत होती, डोळे न मिटता.

मुंग्या आल्या. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत.

वहिनी वळली, दार उघडून बाहेर गेली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. खाली दुकानात अंधार होत होता. छाती इतकी धडधडत होती की तिला वाटलं, हे वर ऐकू जात असणार. नवरा दारापर्यंत आला आणि थांबला. त्याची सावली तिच्या पायांपर्यंत पडली. तो तिथंच उभा राहिला, आणि जरा वेळानं बाजूला झाला, मागून येणाऱ्याला वाट द्यायला.

वरच्या पायरीवर अनवाणी पावलं वाजली. पोर बसली. दोघींच्या मध्ये दोन पायऱ्या.

"रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग आता काय करणार?"

"काही नाही. बसणार."

भिंगरीनं यावर विचार केला. "किती वेळ?"

"राग जाईपर्यंत. किती ते मला माहीत नाही."

"मी पण रागावलेय," भिंगरी म्हणाली.

"माहितीय. तू पण बस."

वर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. वहिनीनं मागं वळून पाहिलं नाही. वळलं तर पोर दचकेल अशी भीती होती. थोड्या वेळानं कापडाची सळसळ झाली. पोर बसल्या बसल्याच घसरत एक पायरी खाली आली आणि थांबली. मध्ये एक पायरी उरली. वहिनीनं ती तशीच राहू दिली.